हेडफोन जॅक

ध्वनियंत्रातील विद्युत् संकेत हेडफोनच्या तारेत उतरवणारी वर्तुळाकार खोबण.

मूळ ६.३५ मिमी. व्यासाचा प्लग १८७८ च्या सुमारास दूरध्वनी केंद्रांतील जोडणीफलकांसाठी प्रचारात आला (पहा : दूरध्वनी). ३.५ मिमी. आवृत्ती ट्रान्झिस्टर रेडिओमुळे रुळली आणि १९७९ मधील सोनी वॉकमनमुळे सर्वत्र पसरली. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून जॅक वगळला. पुढे इतर अनेक उत्पादकांनीही तसे केले.

मोबाइलच्या प्लगवरील तीन निरोधक कडी त्याचे चार भाग करतात : डावा कान, उजवा कान, सामाईक जोडणी व मायक्रोफोन. तारेच्या हेडफोनला सहसा बॅटरी लागत नाही व आवाज जवळजवळ विनाविलंब पोहोचतो. बिनतारी हेडफोन सहसा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील रेडिओलहरी वापरतो (पहा : ब्लूटूथ); त्यामुळे तारेचा गुंता टळतो, पण चार्जिंग लागते व आवाज किंचित उशिरा येतो.

एफएम सुविधा असलेल्या बहुतेक मोबाइलमध्ये हेडफोनची तारच एफएम रेडिओची अँटेना ठरते. आकाशवाणी नाशिकच्या १०१.४ मेगाहर्ट्झ लहरीची लांबी सु. ३ मी. असल्याने तिच्या चतुर्थांशाएवढी, सु. पाऊण मीटर तारही संकेत चांगला पकडते. देवळ्यासारख्या नाशिक शहरापासून दूरच्या, डोंगररांगांलगतच्या तालुक्यात क्षीण संकेतासाठी ही तार मोलाची ठरते. आपत्तीत इंटरनेट बंद पडले तरी एफएमवरून सूचना मिळू शकतात; म्हणून २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइलमधील एफएम सुविधा सुरू ठेवण्याची सूचना उत्पादकांना केली (पहा : आकाशवाणी, आपत्ती व्यवस्थापन).