बंदा रुपया, हाली आणि कलदार

मागच्या दिवाळीत जालन्याला घरी गेलो होतो. आवराआवरीत आजीच्या ट्रंकेतून एक कापडी पुरचुंडी निघाली. आत चांदीचे अकरा रुपये! बाबा लगेच म्हणाले, "चांदीला भाव आहे, सराफाकडे मोडून टाकू." मी म्हटलं, थांबा हो बाबा, एक वीकएंड द्या. निदान काय मोडतोय ते तरी बघू.

आजीने चष्माही लावला नाही. नाण्यांवर नुसतं बोट फिरवत तिने दोन ढीग केले. "हे सहा हाली, हे पाच कलदार."

आता हे हाली-कलदार काय प्रकरण आहे? जालना जिल्हा १९८१ चा, पण गाव जुनं बाजारपेठेचं आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातलं. निजामाचं नाणं म्हणजे हाली सिक्का. शेजारच्या वऱ्हाडात, म्हणजे पलीकडे देऊळगाव राजा-सिंदखेडराजाकडे, इंग्रजांचा कारभार. तिथला रुपया तो कलदार. सरहद्द इतकी जवळ, त्यामुळे इथल्या व्यापाऱ्याला दोन्ही चलनं हाताळावी लागत. सरकारी दर होता १०० कलदारला ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै. आकडा विचित्र वाटतो, पण हिशोब केला तर सरळ सात हालीला सहा कलदार!

हा दर आला कुठून? कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. हाली ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के, म्हणजे सुमारे ९.१ ग्रॅम. भागाकार करून बघा, जवळजवळ सातास सहाच येतो. मला तर हे बघून फारच मजा वाटली.

म्हणजे सराफाची पारख एकाच प्रश्नाची: चांदी किती? त्यासाठी वजन, कस आणि खणखणीत आवाज. इंग्रज सरकारची पारख थोडी वेगळी. १९०६ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया झिजून ठरलेल्या वजनापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त हलका झाला, की तो कायदेशीर चलन राहत नसे. कलदारच्या बाबतीत ही सूट जेमतेम पाव ग्रॅमची.

नाणी जमवणाऱ्यांचा प्रश्न तिसराच: टांकसाळीतून निघालं तेव्हा नाणं जसं होतं, त्यातलं आज किती शिल्लक आहे? अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. पुढे चांदीच्या डॉलरपासून सगळ्याच नाण्यांना ती लागू झाली. साठच्या पुढचे आकडे फक्त चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी. आपल्याकडच्या लिलावात 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन' अशा पायऱ्या वापरतात.

पद्धत सोपी आहे. नाण्याचा सगळ्यात उंच भाग आधी झिजतो, म्हणून तिथेच बघायचं. पंचम जॉर्जच्या कलदारवर मुकुटातले खडे, भुवई आणि झग्यावरच्या साखळीतला इवलासा हत्ती. हालीवर चारमिनारच्या मिनारांची टोकं आणि मधल्या कमानीतलं अक्षर. ते 'ऐन' असेल तर उस्मान अली खान, 'मीम' असेल तर त्यांचे वडील महबूब अली खान. उस्मान अली गादीवर आले १९११ मध्ये, हिजरी १३२९ साली. म्हणजे कमानीत 'ऐन' आणि साल १३२९ च्या आधीचं असं दिसलं, तर नाणं बनावट समजा. शिवाय कड बघायची. रेघा सगळीकडून सारख्या आहेत ना, की कोणी कानस मारून चांदी काढून घेतलीय? आणि कडी जोडल्याची खूण. पूर्वी रुपयांच्या माळा करत, त्यामुळे अशी डाग दिलेली नाणी खूप सापडतात. त्यांची श्रेणी तिथेच संपते.

तर भिंग आणि वजनकाटा घेऊन बसलो. चार कलदार फारच झिजलेले. हत्ती तर सोडाच, मुकुटही सपाट. हाली काळेकुट्ट, पण त्यातल्या दोनांवर मिनारांचे नक्षीकाम स्पष्ट! एका हालीला कडी.

राहिला पाचवा कलदार, १९१८ चा. पुरचुंडीत सगळ्यात चकचकीत तोच. मुकुट शाबूत, हत्तीची सोंडसुद्धा दिसते. आणि भिंगाखाली सगळ्या नाण्यावर गोल गोल बारीक रेघा. बघताक्षणी आठवलं. सातवीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी मीच तो दंतमंजनाने घासला होता, चांगला अर्धा तास. बक्षीसही मिळालं होतं :-)

चांदीवरचा काळा थर म्हणजे मळ नव्हे, हवेतल्या गंधकाने चढलेला पापुद्रा. त्याच्या खाली टांकसाळीचा मूळ पृष्ठभाग टिकून असतो. घासताना थर जातो, आणि त्याच्याबरोबर तो पृष्ठभागही जातो. सराफाच्या काट्यावर माझ्या नाण्याला काही झालेलं नाही. जमवणाऱ्याच्या लेखी मात्र अकरातलं सगळ्यात चांगलं नाणं मी बाद केलंय.

शेवटी ठरलं असं: झिजलेले चार कलदार मोडले. तसे रुपये कोट्यवधींनी पाडले गेलेत, त्यात इतिहासाचं नुकसान नाही. सहाही हाली ठेवले. कडीवाल्याला ना सराफ पूर्ण भाव देणार, ना जमवणारा हात लावणार, पण आजी म्हणाली, "तो माह्या आईच्या माळेतला हाये." विषय संपला.

१९१८ चा कलदार मी पुण्याला घेऊन आलो. कागदात गुंडाळून कपाटात ठेवलाय. काही वर्षांत परत काळा पडेल, रेघा काही जाणार नाहीत.

असो. तुमच्या घरी अशी पुरचुंडी असेल तर एवढंच करा: घासू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा.