न्यायमूर्ती कसे निवडले जातात? शिफारशीपासून शपथेपर्यंतचा प्रवास

नवी दिल्ली : मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने (कॉलेजियम) ४ ऑक्टोबर २०२१ रोजी वकील सोमशेखर सुंदरेशन यांच्या नावाची न्यायमूर्तिपदासाठी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तिला संमती दिली. केंद्र सरकारने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फेरविचार करण्यास सांगितले, १८ जानेवारी २०२३ रोजी न्यायवृंदाने तेच नाव पुन्हा पाठवले आणि नियुक्तीची अधिसूचना नोव्हेंबर २०२३ मध्ये निघाली. एका नावाला उंबरठा ओलांडण्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ लागला. या काळात त्या नावाची नेमकी कोणकोणत्या टप्प्यांवर पारख झाली आणि वेळ कुठे गेला, हे समजून घेतले की उच्च न्यायालयांतील नियुक्त्यांची सारी व्यवस्था उलगडते.

संविधान काय सांगते?

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नियुक्ती अनुच्छेद १२४ नुसार, तर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची अनुच्छेद २१७ नुसार राष्ट्रपती करतात. उच्च न्यायालयासाठी उमेदवार भारताचा नागरिक असावा आणि त्याने किमान १० वर्षे न्यायिक पद सांभाळलेले असावे किंवा उच्च न्यायालयात १० वर्षे वकिली केलेली असावी, एवढ्याच अटी संविधानात आहेत. किमान वय, उत्पन्न किंवा गुणांकन यांचा उल्लेख नाही. निवृत्तीचे वय उच्च न्यायालयात ६२, तर सर्वोच्च न्यायालयात ६५ आहे. सर्वोच्च न्यायालयात नामवंत विधिज्ञाची थेट नियुक्ती करण्याची तरतूदही संविधानात आहे. मात्र आजवर एकदाही तिचा वापर झालेला नाही.

न्यायमूर्ती नेमताना राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी ‘विचारविनिमय’ करावा, असे संविधान म्हणते. या एका शब्दाभोवती गेली सात दशके वाद फिरत आहे. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दोन्ही टोकांचे धोके मांडले होते. नियुक्तीचा निरंकुश अधिकार कार्यपालिकेला देणे धोक्याचे आहेच. पण सरन्यायाधीशांना नकाराधिकार देणेही योग्य नाही, कारण तेही गुणदोष असलेले मनुष्यच असतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

न्यायवृंदाचा उदय

१९७३ मध्ये न्या. जे. एम. शेलट, न्या. के. एस. हेगडे आणि न्या. ए. एन. ग्रोव्हर यांची ज्येष्ठता डावलून न्या. ए. एन. राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले. आणीबाणीत नागरिकांच्या जीवितस्वातंत्र्याच्या बाजूने एकट्याने भिन्नमत नोंदवणारे न्या. एच. आर. खन्ना यांनाही १९७७ मध्ये डावलले गेले. १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायालयाने नियुक्त्यांमधील अंतिम शब्द कार्यपालिकेचा मानला. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हा निर्णय फिरवला आणि सरन्यायाधीश व ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या सामूहिक मताला प्राधान्य दिले. १९९८ मध्ये राष्ट्रपतींनी मागितलेल्या सल्ल्यावर मत देताना न्यायालयाने रचना निश्चित केली. सर्वोच्च न्यायालयातील नियुक्त्यांसाठी सरन्यायाधीश व चार ज्येष्ठतम न्यायाधीश, तर उच्च न्यायालयांतील नियुक्त्यांसाठी सरन्यायाधीश व दोन ज्येष्ठतम न्यायाधीश निर्णय घेतात.

ही व्यवस्था बदलण्यासाठी संसदेने २०१४ मध्ये ९९ वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग निर्माण केला. त्यात कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्तींचाही समावेश होता. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने हा आयोग रद्द ठरवला. एकमेव भिन्नमत न्या. जे. चेलमेश्वर यांचे होते आणि न्यायवृंदाच्या कामकाजात पारदर्शकता नसल्यावर त्यांनी बोट ठेवले होते.

नाव कसे पुढे सरकते?

प्रत्यक्ष व्यवहार ‘मेमोरँडम ऑफ प्रोसिजर’ या कार्यपद्धतीच्या दस्तऐवजानुसार चालतो. पद रिक्त होण्याच्या किमान सहा महिने आधी उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी दोन ज्येष्ठतम सहकाऱ्यांशी चर्चा करून प्रस्ताव पाठवावा, अशी अपेक्षा आहे. मुख्यमंत्री एखादे नाव सुचवू शकतात. पण प्रस्ताव मुख्य न्यायमूर्तींकडूनच यावा लागतो. साधारणतः दोन तृतीयांश पदे वकीलवर्गातून आणि एक तृतीयांश पदे जिल्हा न्यायपालिकेतून भरण्याचा प्रघात आहे.

त्यानंतर प्रस्ताव एकाच वेळी मुख्यमंत्री, राज्यपाल, केंद्रीय कायदामंत्री आणि सरन्यायाधीश यांच्याकडे जातो. राज्याने सहा आठवड्यांत मत कळवायचे असते. गुप्तचर विभाग (आयबी) उमेदवाराचे चारित्र्य व प्रतिमा यांविषयी अहवाल देतो. ही सर्व कागदपत्रे कायदा मंत्रालयामार्फत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदापुढे येतात. संबंधित उच्च न्यायालयाची माहिती असलेल्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांचे मतही घेतले जाते. न्यायवृंदाची मोहोर उमटल्यावर फाईल कायदामंत्र्यांकडे, तेथून पंतप्रधानांकडे आणि शेवटी राष्ट्रपतींकडे जाते. नियुक्तीपूर्वी वयाचा दाखला व वैद्यकीय प्रमाणपत्र घेतले जाते. शपथ राज्यपाल देतात.

पारख कशाची?

वकिलाच्या बाबतीत प्रामुख्याने त्याचे वय, व्यावसायिक उत्पन्न, त्याने चालवलेल्या व विधी-नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या प्रकरणांतील निकाल आणि वकीलवर्गातील नावलौकिक पाहिले जातात. उत्पन्नाची विचारणा श्रीमंती मोजण्यासाठी नसते. वकिली किती भक्कम आहे, याचे ते एक गमक मानले जाते. न्यायिक अधिकाऱ्याच्या बाबतीत गोपनीय अहवाल आणि त्याने दिलेल्या निकालपत्रांचे मूल्यमापन निर्णायक ठरते. २०२४ च्या अखेरीपासून सर्वोच्च न्यायालयाचा न्यायवृंद उमेदवारांशी प्रत्यक्ष संवादही साधू लागला आहे. या पदांसाठी संविधानात आरक्षण नाही. महिला तसेच वंचित समाजघटकांना प्रतिनिधित्व देण्याचा विचार न्यायवृंदाच्या विवेकावर सोपवलेला आहे.

शपथ घेतल्यानेही पारख संपत नाही. बहुतेकांची नियुक्ती प्रथम अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून, कमाल दोन वर्षांसाठी होते. कायम करण्यापूर्वी त्यांची निकालपत्रे तपासली जातात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील एका अतिरिक्त न्यायमूर्तींना कायम करण्याची शिफारस, ‘पॉक्सो’ कायद्याखालील त्यांच्या निकालांवर देशभर टीका झाल्यानंतर, २०२१ मध्ये मागे घेण्यात आली आणि त्यांना केवळ एका वर्षाची मुदतवाढ मिळाली.

मौनाचा अर्थ काय?

व्यवस्थेतील सर्वांत नाजूक सांधा येथे आहे. राज्याने सहा आठवड्यांत उत्तर दिले नाही, तर त्याला काही म्हणायचे नाही असे गृहीत धरून पुढे जावे, असे कार्यपद्धतीतच लिहिलेले आहे. केंद्राच्या मौनाचा असा कोणताही अर्थ ठरवलेला नाही.

केंद्र सरकार शिफारस कारणांसह परत पाठवू शकते. न्यायवृंदाने तीच शिफारस पुन्हा केली, तर ती सरकारवर बंधनकारक असते. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२१ रोजी यासाठी कालमर्यादाही सांगितली : गुप्तचर विभागाने चार ते सहा आठवड्यांत अहवाल द्यावा, केंद्राने त्यानंतर आठ ते बारा आठवड्यांत फाईल सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवावी आणि पुन्हा केलेल्या शिफारशीवर तीन ते चार आठवड्यांत नियुक्ती करावी. मात्र ही मर्यादा उलटली तर काय, हे त्या आदेशात नाही. त्यामुळे नकार द्यायचा तर कारण द्यावे लागते. फाईल थांबवायची तर काहीच द्यावे लागत नाही.

सुंदरेशन यांच्या प्रकरणात निदान कारण समोर आले. न्यायालयांत विचाराधीन असलेल्या विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांवर मते मांडल्याचा आक्षेप सरकारने घेतला होता. मत व्यक्त करणे म्हणजे पक्षपात नव्हे. पात्रता, गुणवत्ता व सचोटी असेल तर केवळ त्या कारणाने कोणी अपात्र ठरत नाही, असे न्यायवृंदाने जाहीर ठरावात म्हटले. तरीही ठराव ते अधिसूचना हे अंतर तीन-चार आठवड्यांऐवजी दहा महिन्यांचे झाले. कर्नाटकात ज्येष्ठ वकील आदित्य सोंधी यांनी, शिफारस पुन्हा होऊनही नियुक्ती न झाल्याने, २०२२ मध्ये आपली संमतीच मागे घेतली.

विलंबाची किंमत केवळ उमेदवार मोजत नाही. ज्येष्ठता नियुक्तीवरून ठरते. त्यामुळे एकाच यादीतील काही नावे आधी व काही नंतर मंजूर झाली, तर पुढे मुख्य न्यायमूर्ती कोण होणार, याचे गणितही बदलते. निवडक नावेच मंजूर करण्याच्या या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नाराजी व्यक्त केली होती. दुसरीकडे, देशातील २५ उच्च न्यायालयांत न्यायमूर्तींची १,१२२ पदे मंजूर असून त्यांतील मोठा हिस्सा अनेक वर्षे रिक्त राहत आला आहे. या न्यायालयांत ६० लाखांहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. एकट्या मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर पदसंख्या ९४ आहे आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोव्याबरोबर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंचही याच संख्येतून चालवायचे आहे.

पारदर्शकतेकडे

ऑक्टोबर २०१७ पासून न्यायवृंदाचे ठराव संकेतस्थळावर येऊ लागले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियुक्तीची संपूर्ण प्रक्रिया आणि नोव्हेंबर २०२२ पासून मंजूर केलेल्या नावांचा तपशीलही प्रसिद्ध केला. तरीही एखादे नाव का निवडले याची कारणे सर्वच ठरावांत सारख्या तपशिलाने येत नाहीत आणि जी नावे मागे पडली त्यांच्याविषयी क्वचितच काही समजते. न्यायवृंद आपल्या निवडीची कारणे पुरेशी उघड करत नाही आणि सरकार आपल्या विलंबाची. या दोन मौनांच्या मध्ये रिकामी खुर्ची राहते आणि तिच्यासमोर आपल्या तारखेची वाट पाहणारा पक्षकार.