वांसदा राष्ट्रीय उद्यान

गुजरातच्या नवसारी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या उत्तर टोकाच्या डोंगरांत, अंबिका नदीकाठचे सुमारे २४ चौ. किमी. विस्ताराचे संरक्षित अरण्य. सुरतकरांस सर्वांत जवळचे राष्ट्रीय उद्यान हेच होय. पूर्वेस डांगचे जंगल त्यास लागून असून त्यापलीकडे नाशिक जिल्ह्याचा सुरगाणा तालुका आहे. अंबिकेचा उगमही त्याच डोंगराळ मुलखातला.

हे रान पूर्वी सोळंकी घराण्याच्या वांसदा संस्थानाधिपतींच्या खासगी मालकीचे होते. शेजारच्या डांगात इंग्रज सरकारने १८४२ पासून भिल्ल राजांशी करार करून सागवानाचा इजारा घेतला आणि त्या राजांच्या वंशजांना अहव्याच्या वार्षिक दरबारात आजही सालियाना मिळतो. वांसद्याचे रान मात्र संस्थानिकाच्या ताब्यात राहिल्याने त्याची कहाणी वेगळी झाली. १९४८ मध्ये संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले, १९५२ नंतर येथे वृक्षतोड झाली नाही, आणि १९६० साली डांग महाराष्ट्राचा की गुजरातचा या वादाचा निकाल गुजरातच्या बाजूने लागला. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आला तो १९७९ मध्ये, म्हणजे कुऱ्हाड थांबून पाव शतक उलटल्यावर. अरण्य राखण्याचे श्रेय जाहीरनाम्यापेक्षा त्या थांबलेल्या कुऱ्हाडीलाच अधिक द्यावे लागते.

साग, ऐन, खैर, शिसव, कळंब हे येथील मुख्य वृक्ष. काटस व मानवेल या बांबूंची बेटे इतकी दाट की काही ठिकाणी भर दुपारीही जमिनीवर ऊन पोचत नाही. पावसाळ्याअखेरीस पायवाटांवर दोन झाडांच्या मध्ये महाकोळ्याची जाळी ताणलेली दिसतात. त्यांच्या धाग्याला पिवळसर सोनेरी झाक असते, मध्यभागी तळहाताएवढी मादी बसलेली असते, आणि तिच्या जवळपास वावरणारा नर इतका चिमुकला, की अनभिज्ञास तो निराळ्याच जातीचा कोळी वाटावा. बिबट्या, तरस, चौशिंगा, भेकर, साळिंदर व मार्जारकुळातील अत्यंत लहान अशी वाघाटी येथे आढळते. पक्ष्यांत राखी धनेश उल्लेखनीय. पट्टेरी वाघ विसाव्या शतकातच नाहीसा झाला. रानकुत्रेही गेले असे मानले जात असता, २०२० साली ते स्वयंचलित कॅमेऱ्यात टिपले गेले.

आसपासच्या गावांत कोकणा, वारली, भिल्ल, गामीत व बांबूकामात निष्णात असे कोटवाळिया लोक राहतात. त्यांतील अनेकांच्या बोलीत मराठी व गुजराती अशा एकजीव झाल्या आहेत, की सीमारेषा आखणाऱ्यांची पंचाईत व्हावी.

बिलिमोरा ते वघई हा बडोद्याच्या गायकवाडांनी घातलेला अरुंद मापाचा लोहमार्ग या प्रदेशातूनच जातो. उद्यानात प्रवेशासाठी वनखात्याचा परवाना लागतो. चोवीस चौ. किमी. हे क्षेत्र मोठ्या श्वापदांस एकट्याने पोसण्याजोगे नाही. डांगच्या जंगलाशी असलेला त्याचा सलग संबंध तुटला, तर येथे बिबट्याचाही निभाव लागणार नाही.