वीज कागदावर कशी वाहते?

इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या कुणालाही विचारा, 'चौदा बसची सिस्टीम' त्याच्या ओळखीची असते. (बस म्हणजे आपली एसटी नव्हे. वीज उपकेंद्रात ज्या जाड पट्टीवर सगळ्या लाइनी येऊन मिळतात, ती बस.) चौदा ठिकाणं, त्यांना जोडणाऱ्या वीस फांद्या. या जाळ्यावर आपल्याकडे कितीतरी प्रोजेक्टं झाली आणि अजून होतात. गंमत अशी की हे जाळं काल्पनिक नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या कंपनीचं इथल्या मिडवेस्ट भागात जे जाळं होतं, त्याचा तो एक तुकडा. मी पीएचडीसाठी अमेरिकेत आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात हातात पडलं तेही हेच. सात समुद्र ओलांडून आलो आणि भेटली ती गावाकडचीच ओळख!

आता मुळात हे कागदावरचं जाळं लागतं कशाला? कारण वीज कुणाचं ऐकत नाही. कालव्याला दार लावून पाणी वळवता येतं. विजेच्या जाळ्यात एक लाइन बंद केली तर तिचा भार शेजारच्या लाइनींवर आपल्या नियमाने वाटला जातो, आपल्या सोयीने नाही. एखादी लाइन पडली तर काय होईल, हे बघायला कुणी चालू जाळ्यातली लाइन पाडून बघत नाही. म्हणून आधी गणित. सिम्युलेशनला मराठीत 'प्रतिरूपण' म्हणतात म्हणे. मला 'रंगीत तालीम' हा शब्द जास्त जवळचा वाटतो.

संगणक नव्हते तेव्हा ही तालीम खरोखरच्या छोट्या जाळ्यावर होत असे. १९२९ साली एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून 'नेटवर्क अ‍ॅनालायझर' बांधला. खोलीभर कपाटं, त्यात लाइनींच्या जागी छोटी रिळं आणि रोध, जनित्रांच्या जागी फिरवायची बटणं. एकाने बटण फिरवायचं, दुसऱ्याने मीटर वाचायचा, तिसऱ्याने वहीत लिहायचं. वीज कंपन्या आपापलं जाळं घेऊन तिथे रांग लावत. पुढची पंचवीसेक वर्षं अमेरिकेतल्या मोठ्या लाइनी अशाच खोल्यांमध्ये आखल्या गेल्या.

१९५६ साली वॉर्ड आणि हेल या दोघांनी हेच काम डिजिटल संगणकावर कसं करायचं ते मांडलं. पद्धत साधी होती. प्रत्येक ठिकाणच्या व्होल्टेजचा अंदाज धरायचा, मग एकेक ठिकाण घेऊन तो दुरुस्त करायचा, पुन्हा पहिल्यापासून. पण सतरंजीची एक सुरकुती दाबली की दुसरीकडे वर येते, तसं व्हायचं. छोट्या जाळ्यात काही फेऱ्यांनी सतरंजी सपाट व्हायची. मोठ्या जाळ्यात शेकडो फेऱ्या, आणि कधीकधी उत्तर यायचंच नाही. न्यूटनच्या पद्धतीने चार-पाच फेऱ्यांत काम होतं हे लोकांना कळत होतं, पण तिच्यात प्रत्येक फेरीला सगळी समीकरणं एकदम सोडवावी लागतात. हजार ठिकाणांचं जाळं म्हणजे हजार गुणिले हजार, दहा लाख खणांचा तक्ता. त्या काळच्या संगणकात एवढी जागा नव्हती.

इथे गोष्टीत पोर्टलंड येतं. कोलंबिया नदीवरच्या सरकारी धरणांची वीज विकण्यासाठी १९३७ साली बॉनविल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हे केंद्र सरकारचं खातं सुरू झालं. (सरकारी खातं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते जरा बाजूला ठेवा. या खात्याने १९४१ साली वुडी गथ्री या लोकगायकाला महिनाभर पगारावर ठेवून धरणांवर गाणी लिहून घेतली होती.) तिथे विल्यम टिनी नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तक्त्याकडे नीट बघितलं. प्रत्येक उपकेंद्र फार तर तीन-चार शेजाऱ्यांना जोडलेलं असतं. म्हणजे दहा लाख खणांपैकी चारेक हजारच भरलेले, बाकी सगळी शून्यं. मग शून्यं साठवायचीच कशाला?

पण एक अडचण होती. समीकरणं सोडवताना एकेक ठिकाण तक्त्यातून बाद करत जावं लागतं, आणि बाद होणारा माणूस जाता जाता आपल्या सगळ्या ओळखीच्यांची एकमेकांशी ओळख करून देतो! रिकामे खण भरत जातात. टिनींचा तोडगा: ज्याच्या ओळखी सगळ्यात कमी, त्याला आधी निरोप द्या. बस्स, एवढंच. १९६३ साली सातो यांच्याबरोबर सुरुवात, आणि १९६७ च्या नोव्हेंबरात वॉकर आणि हार्ट यांच्याबरोबर एकेक असे दोन निबंध. तेव्हापासून न्यूटनची पद्धत वीजजाळ्यासाठी व्यवहारात आली आणि अजून तीच आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर कल्पना, आणि ती विद्यापीठात नव्हे, वीज खात्याच्या कचेरीत सुचली.

याच कचेरीत १९६६ साली म्युनिकहून हर्मन डोमेल आले. त्यांचा प्रश्न वेगळा होता. लाइन चालू करताना किंवा तिच्यावर वीज पडल्यावर काही मिलिसेकंदांत व्होल्टेज किती उसळतं? लाइनीचे इन्सुलेटर, म्हणजे पर्यायाने खर्च, त्यावर ठरतो. त्यांनी उचललेली एक युक्ती लुई बर्जरॉन या फ्रेंच इंजिनिअरची, आणि ती पाण्याच्या नळातल्या दणक्यासाठीही वापरली जायची. नळ झटकन बंद केला की पाइप धाडकन वाजतो ना, तीच लाट. तारेत ती जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावते, तीनशे किलोमीटर एका मिलिसेकंदात. १९६९ साली डोमेल यांचा निबंध आला आणि त्यातून ईएमटीपी हा प्रोग्रॅम वाढला. करदात्यांच्या पैशातून झालेला, म्हणून मागेल त्याला मिळणारा. जगभरच्या वीज कंपन्यांनी तो नेला आणि आपापल्या सुधारणा परत पाठवल्या. 'ओपन सोर्स' हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी!

डोमेल १९७३ साली कॅनडात शिकवायला गेले आणि प्रोग्रॅमची धुरा स्कॉट मायर यांच्याकडे आली. मग १९८२ मध्ये त्याच्या विकासासाठी वीज कंपन्यांचा एक गट बनला, आणि थोड्याच दिवसांत तो विकायचा विचार पुढे आला. मायर आणि त्यांच्या सहकारी त्सू-हुई ल्यू यांना हे मान्य नव्हतं. १९८४ साली त्यांनी सार्वजनिक प्रतीवरून वेगळी चूल मांडली. तिचं नाव एटीपी. ती फुकट, अट एकच: ईएमटीपीचा धंदा करणाऱ्यांना मिळणार नाही. भाऊबंदकी फक्त आपल्याकडेच असते असं नाही. एटीपीच्या फायलीत आजही ऐंशी रकाने मोजून आकडे लिहावे लागतात आणि प्रत्येक ओळीला 'कार्ड' म्हणतात. पंच कार्डं मी फक्त संग्रहालयात पाहिली आहेत.

दुसरीकडे बाजारही उभा राहत होता. स्केनेक्टडीमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या पॉवर टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९७६ मध्ये पीएसएस/ई आणला. तो आज सीमेन्सकडे आहे आणि आपल्याकडच्या पारेषण कंपन्यांतही वापरला जातो. कॉर्नेल विद्यापीठातून १९९० च्या दशकात मॅटपॉवर निघाला, तो फुकट. मेनू बदलले, रंग आले, आतला गाभा टिनींचाच. म्हणजे गणित सुटलं होतं. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

१० ऑगस्ट १९९६, शनिवार. पश्चिम अमेरिकेत कडक ऊन. दुपारी पावणेचारच्या सुमारास पोर्टलंडजवळची कीलर-अ‍ॅल्स्टन ही ५०० केव्हीची लाइन तापून खाली झुकली आणि झाडाला लागून बंद पडली. थोड्याच वेळात मॅकनेरी धरणावरची जनित्रं एकेक करून सुटली. उत्तरेकडची जनित्रं आणि दक्षिणेकडची जनित्रं एकमेकांविरुद्ध झुलू लागली, साधारण चार सेकंदांना एक झोका, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. काही मिनिटांत पश्चिमेचं जाळं फुटून चार तुकडे झाले. सुमारे ७५ लाख ग्राहक अंधारात.

पुढे जे झालं ते मला त्या अंधारापेक्षा महत्त्वाचं वाटतं. बॉनविलच्या इंजिनिअरांनी त्या दुपारची सगळी परिस्थिती प्रोग्रॅममध्ये भरली आणि तालीम करून बघितली. पडद्यावर झोके हळूहळू विरून गेले. जाळं सुखरूप! खऱ्या नोंदींत मात्र झोके वाढत जाऊन जाळं फुटलेलं. दोन्ही आलेख एकाखाली एक छापलेला त्यांचा १९९९ चा निबंध आमच्या क्षेत्रात सगळ्यांनी पाहिलेला असतो. ज्या खात्याने जगाला हे गणित दिलं, त्याच खात्याने ते खोटं पडल्याचं आपल्या नावानिशी छापलं. गणितात चूक नव्हती. चूक होती आत भरलेल्या माहितीत. औष्णिक केंद्रांचे गव्हर्नर फ्रिक्वेन्सी घसरली की मदतीला धावतात असं फायलीत लिहिलेलं, प्रत्यक्षात अनेक केंद्रं ठरलेल्या भारावरच चालत होती. मोटारींचा भार दिव्यांसारखा साधा धरलेला. मग जनित्रांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन आकडे भरायची सक्ती आली.

पण खरं काय घडलं हे कळलं ते नोंदी होत्या म्हणून, आणि अशा नोंदींचं नातं एका मराठी नावाशी आहे. अरुण फडके, ग्वाल्हेरचा जन्म, १९५९ साली आयआयटी खरगपूरची पदवी. अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवरमध्ये (हो, चौदा बसवालीच) बरीच वर्षं काढून ते व्हर्जिनिया टेकला गेले आणि तिथे १९८८ मध्ये त्यांच्या गटाने फेझर मोजणारं पहिलं यंत्र, पीएमयू, तयार केलं. उपग्रहाच्या घड्याळावरून शेकडो मैल लांबच्या दोन उपकेंद्रांची नाडी एकाच क्षणी मोजायची. ते सुरुवातीचे नमुने ज्या मोजक्या ठिकाणी बसवले त्यात बॉनविल होतं. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडून दक्षिणेचं जाळं बाकी देशाशी एक झालं. एवढ्या पसरलेल्या जाळ्याचे झोके पाहायला हीच यंत्रं कामाला येतात.

आता नवा पेच सौर ऊर्जेचा. १६ ऑगस्ट २०१६ ला कॅलिफोर्नियात ब्लू कट नावाच्या वणव्याने एका लाइनीवर बिघाड झाला आणि जवळजवळ १,२०० मेगावॉट सौर वीज क्षणात सुटली. बऱ्याच इन्व्हर्टरांनी बिघाडातली वाकडीतिकडी लाट पाहून फ्रिक्वेन्सीच घसरली असं समजून घेतलं होतं. टिनींच्या वंशातल्या प्रोग्रॅमांना अशी लाट दिसतच नाही, त्यासाठी डोमेलच्या घराण्याकडे जावं लागतं. म्हणून माझं हल्लीचं बरंचसं काम तिकडेच असतं. जाळं मी उघडून पाहू शकतो, प्रत्येक लाइनीचा रोध वाचू शकतो. इन्व्हर्टरचं मॉडेल मात्र कंपनीकडून कुलूपबंद फाइल म्हणून येतं. आत कुठला नियम लिहिलाय ते दिसत नाही, फक्त आकडे बाहेर पडतात, आणि ते खरे आहेत की १९९६ सारखे, हे ताडून बघायला पुढच्या बिघाडाची नोंद हाती यावी लागते.