कोलंबिया, लंडन आणि चाळीसगावचा टांगा

१/ चाळीसगाव रेल्वे स्थानक, ऑक्टोबर १९२९. धुळे मार्गावरील एका गावात घातलेल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करून एक बॅरिस्टर परतले आहेत. स्वागताला माणसे जमली आहेत, हार घालून झाले आहेत, बाहेर भाड्याचे टांगेही उभे आहेत. तरीही तासभर कोणी जागचे हलत नाही. असे का?

२/ उत्तराकडे वळण्यापूर्वी या प्रवाशाच्या पदव्या पाहू. एम.ए. व पीएच.डी., कोलंबिया विद्यापीठ. एम.एस्सी. व डी.एस्सी., लंडन. बॅरिस्टर, ग्रेज इन. अभ्यासाचा मुख्य विषय सार्वजनिक अर्थव्यवहार आणि चलन. प्रवाशाचे नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

३/ ‘मोठे विद्यापीठ गाठले की फायनान्समध्ये नाव होते’ ही समजूत मनाशी धरून धुळे-जळगावची कितीतरी मुले आज पुण्या-मुंबईची गाडी पकडतात. मीही एम.ए.साठी धुळे सोडले. म्हणून हा प्रश्न विचारावासा वाटतो : बाबासाहेबांनी विद्यापीठ का बदलले, आणि त्या बदलाने त्यांना नेमके काय दिले?

४/ १९१३. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. अट अशी की, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. कोलंबियात त्यांना एडविन सेलिग्मन हे करशास्त्रातील नामांकित प्राध्यापक लाभले. १९१५ च्या एम.ए. प्रबंधाचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार.

५/ कोलंबिया काही लहान विद्यापीठ नव्हते. तरीही १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. सेलिग्मन यांनी तेथील प्राध्यापक फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली होती. लंडनच्या लौकिकाचे आकर्षण असेलही. पण त्यांच्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती.

६/ भारतीय रुपयाचे भवितव्य तेव्हा मुंबईत ठरत नसे, ते लंडनमध्ये ठरत असे. १८९३ मध्ये टाकसाळी खाजगी नाणेपाडणीस बंद झाल्या. पुढे रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्सवर आणण्यात आला, म्हणजे एका पौंडाला १५ रुपये. हा दर सांभाळण्यासाठी भारतमंत्री लंडनमध्येच हुंड्या विकत. या व्यवहाराची कागदपत्रेही तेथेच होती.

७/ याचा खानदेशाशी संबंध काय? कापूस. परदेशी खरेदीदार पौंडात हिशोब करी. दर १ शिलिंग ६ पेन्स झाला की त्याच पौंडाचे १५ ऐवजी सुमारे १३.३३ रुपये होतात. भाव पौंडात तोच राहिला, तर गाठीमागे येणारे रुपये घटतात. १९२७ मध्ये दर खरोखरच १ शिलिंग ६ पेन्स ठरवण्यात आला.

८/ मात्र १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा विद्यापीठाने दिली. बडोद्यात ते महालेखापालाच्या कार्यालयात उमेदवार म्हणून रुजू झाले. त्यांना पुढे अर्थमंत्री करावे, असा महाराजांचा मानस होता, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात.

९/ शहरात राहायला मात्र कोणी जागा देईना. अखेर पारशी नाव सांगून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. ते खोली सोडून निघाले, दिवसाचा उरलेला वेळ एका सार्वजनिक बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्यांची अर्थखात्यातील कारकीर्द तेथेच संपली.

१०/ आता खरा प्रश्न. पदवीने भाड्याची खोलीसुद्धा मिळत नाही हे अनुभवल्यावर माणूस पुन्हा त्याच विद्यापीठात का जाईल? ते गेले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले.

११/ १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरील हा प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने आला. प्रस्तावना गुरू एडविन कॅनन यांची. आणि त्या प्रस्तावनेत शिष्याच्या निष्कर्षांशी स्पष्ट मतभेद! मधल्या काळात बॅरिस्टरीही पूर्ण झाली. पुन्हा कोणत्याही संस्थानाच्या कचेरीत उमेदवारी करण्याची गरज उरली नाही.

१२/ १९२५ मध्ये भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. रिझर्व्ह बँक त्यांच्या प्रबंधातूनच जन्मली, असे आज सर्रास लिहिले जाते. ते विधान ताणलेले आहे. साक्षीदार अनेक होते. पण ज्याला बडोद्यात राहू दिले नाही, त्याचे मत साम्राज्याच्या आयोगाने नोंदवून घेतले, ही गोष्ट लहान नाही.

१३/ आता पुन्हा चाळीसगाव. अस्पृश्य प्रवाशाला घेऊन टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते, म्हणून तो तासभराचा खोळंबा. पाहुण्याने पायी चालावे हे वस्तीतील लोकांना रुचेना. तडजोड झाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. वस्तीतील एक जण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती.

१४/ नदीवरच्या फरशीवर घोडा उधळला. चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासह नदीत कोसळला. त्यांच्या पायाचे हाड मोडले. पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग लिहिला. त्यांचे निरीक्षण असे की, साधा टांगेवालाही स्वतःला कोणत्याही अस्पृश्यापेक्षा श्रेष्ठ समजतो, मग तो अस्पृश्य बॅरिस्टर का असेना.

१५/ मग विद्यापीठ बदलून काय मिळाले? खोली मिळाली नाही, टांगाही मिळाला नाही. मिळाले ते विषयावरचे प्रभुत्व आणि कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसलेला व्यवसाय. त्या बळावर सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात येऊन बहिष्काराची चौकशी करू शकले.

१६/ प्रवेशाच्या याद्या चाळताना विद्यापीठाच्या नावाआधी स्वतःचा प्रश्न लिहून ठेवावा. बाबासाहेबांचा प्रश्न रुपयाचा होता आणि त्याची कागदपत्रे लंडनमध्ये होती. आणि धुळे-चाळीसगाव गाडीने कधी जाणे झालेच, तर चाळीसगावला उतरल्यावर स्थानकाबाहेर क्षणभर थांबावे. तो एक तास तिथेच गेला होता.