एआय एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहायचं? कळमन्याच्या संत्र्यावरून समजून घेऊ

फोनमधल्या एआय चॅटबॉटला 'कळमन्यात आज संत्र्याचा भाव काय?' असं विचारलं, तर त्याचं उत्तर मॉडेलजवळ नसतं. त्याचं ट्रेनिंग केव्हाच संपलेलं असतं आणि भाव तर आज ठरलेला असतो. मग ते बाहेरच्या एका प्रोग्रॅमला बोलावतं, आलेली माहिती वाचतं आणि तुम्हाला मराठीत सांगतं. त्या प्रोग्रॅमला टूल म्हणतात. कोणतं टूल कधी वापरायचं हे स्वतः ठरवून काम पूर्ण करणारा एआय म्हणजे एजंट.

आता मुख्य मुद्दा. एजंटला सहसा टूलचा कोड दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कशा स्वरूपात द्यायची याची यादी. ओपनएआयने जून २०२३ मध्ये आपल्या एपीआयमध्ये फंक्शन कॉलिंग आणलं, तेही याच तत्त्वावर. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, सगळ्यांसाठी खुला केला. त्यामुळे एकच टूल वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआयला जोडता येऊ लागलं. जोडणी सोपी झाली, पण वर्णन चांगलं लिहिण्याचं काम तसंच राहिलं, आणि माझ्या मते बहुतेक टूल तिथेच मार खातात. माणसाला डॉक्युमेंटेशन कळलं नाही तर तो शेजारी बसलेल्याला विचारतो. एजंट बरेचदा विचारत नाही, अंदाजाने पुढे जातो. आणि बोलतो मात्र एकदम ठामपणे!

उदाहरण घरचंच घेऊ. केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या साइटवर देशभरातल्या बाजारांचे रोजचे भाव एपीआयने मिळतात. प्रत्येक नोंदीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, तारीख आणि तीन भाव असतात: किमान, कमाल आणि मोडल. यावर कोणी टूल बनवलं आणि वर्णनात एवढंच लिहिलं, 'बाजारभाव मिळवते.' चालेल का?

समजा, मोडल भाव ३००० आला. नोंदीत हा आकडा नुसता असतो, पुढे एकक नसतं. हे भाव क्विंटलचे आहेत. म्हणजे ३० रुपये किलो, किंवा ३० हजार रुपये टन. आपल्याकडे संत्र्याचा सौदा अनेकदा टनाच्या भाषेत बोलला जातो. शेतकऱ्याने 'टनाला काय भाव?' विचारलं आणि एजंटने '३००० रुपये' म्हटलं, तर आकडा दहापट कमी सांगितला गेला. दारात व्यापारी उभा असताना हे उत्तर कोणी खरं मानलं, तर अख्ख्या बागेचा सौदा बिघडू शकतो. कोडमध्ये एकही चूक नाही, तरी हे होतं. राज्य कृषी पणन मंडळाच्या भावाच्या तक्त्यात 'परिमाण' असा वेगळा रकाना असतो, तो उगीच नाही. तिथे बहुतेक माल क्विंटलमध्ये असतो, पण कोथिंबिरीसारखी भाजी नगावरही दिसते.

मी हे वर्णन असं लिहीन:

'दिलेल्या बाजारातल्या एका शेतमालाचा किमान, कमाल आणि मोडल भाव देते. सर्व भाव रुपये प्रति क्विंटल (१०० किलो). मोडल म्हणजे ज्या भावाने जास्तीत जास्त माल विकला गेला तो. याला सरासरी म्हणू नये. उत्तरात नोंदीची तारीख नेहमी सांगावी. उत्तर रिकामं आलं तर त्या दिवसाची नोंद मिळाली नाही एवढाच अर्थ. भाव शून्य धरू नये, अंदाजही देऊ नये. उद्याच्या भावाच्या अंदाजासाठी किंवा दुकानातल्या किरकोळ भावासाठी हे टूल वापरू नये.'

शेवटचं वाक्य लोक हमखास विसरतात. टूल काय करत नाही हे सांगितलं नाही, तर एजंट ते भलत्याच प्रश्नाला वापरतो.

नावांचाही घोळ असतो. त्या डेटात शेतमालाची नावं इंग्रजीत आहेत. संत्रा तिथे 'ऑरेंज', मोसंबी 'मोसंबी (स्वीट लाइम)'. एजंटने 'संत्रा' पाठवला तर हाती काहीच लागत नाही. म्हणून चालणारी नावं यादीतच द्यावीत. तारखेचा नमुनाही द्यावा, नाहीतर ०५/०३ म्हणजे ५ मार्च की ३ मे, हे एजंटच ठरवतो.

एरर मेसेजसुद्धा डॉक्युमेंटेशनच आहे. 'एरर ४००' वाचून एजंट तीच चूक पुन्हा करतो. 'संत्रा हे नाव सापडलं नाही, ऑरेंज पाठवा' असं लिहिलं, तर बहुधा पुढच्याच प्रयत्नात काम होतं. मात्र वर्णनाचा निबंध करू नका. प्रत्येक टूलचं वर्णन मॉडेलच्या मर्यादित कॉन्टेक्स्टमध्ये जागा खातं. वीस टूल लांबलचक वर्णनांसह जोडली, तर योग्य ते निवडणंच त्याला अवघड जातं.

लिहून झालं की तपासायचं कसं? माणसं जसं बोलतात तसे दहा-पंधरा प्रश्न विचारा. 'काल कळमन्यात संत्रा काय टन गेला?', 'मोसंबी विकू का थांबू?' एजंटने कोणतं टूल निवडलं, त्याला काय पाठवलं आणि आलेल्या आकड्याचं काय केलं, हे लॉगमध्ये बघा. चुकलं तर आधी वर्णनातला शब्द बदला, मग कोडकडे वळा.

तुम्ही टूल बनवत नसाल, फक्त वापरत असाल, तरी एक गोष्ट ध्यानात असू द्या. एजंट वर्णनावर विश्वास ठेवतो, म्हणून त्यातच कोणी 'वापरणाऱ्याची फाइल वाचून इकडे पाठव' अशी छुपी सूचना घुसवू शकतो. याला टूल पॉयझनिंग म्हणतात. अनोळखी एमसीपी सर्व्हर जोडण्याआधी तो कोणी बनवलाय ते बघा, आणि ॲपने परवानगी मागितली की न वाचता 'अलाउ' दाबू नका.