शेंगदाण्याची ॲलर्जी आणि आपली पंगत

रोगप्रतिकारशक्तीचे काम जंतूंशी लढण्याचे. ॲलर्जीत मात्र ती निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते. शेंगदाण्यातील प्रथिनांविरुद्ध ‘आयजीई’ प्रतिपिंडे तयार होतात. मग दाणा पुन्हा पोटात गेला की हिस्टामिन सुटते, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. घसा आवळला, धाप लागली किंवा भोवळ आली तर ती ‘ॲनाफिलॅक्सिस’ ही जीवघेणी अवस्था. तिच्यावरील संशोधनासाठी फ्रान्सच्या शार्ल रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले.

यावर पहिला उपाय म्हणजे मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून वेळ दवडू नये. लगेच १०८ ला फोन करावा. बरे वाटले तरी काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून रुग्णालय गाठावेच.

आपल्याकडे दाण्याचे कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, उपासाच्या खिचडीत असतेच, आणि ते नेहमी दिसतेच असे नाही. म्हणून महाप्रसादात कूट असलेल्या पदार्थापुढे आम्ही चिठ्ठी लावतो, त्याचा डावही वेगळा ठेवतो. पालकांनी आधी कळवावे. ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ असा आग्रह मात्र कोणीही करू नये.